माझ्या डोक्याचं माप

माणसानं हौस जरूर करावी, पण बायकोच्या भावाच्या लग्नाआधी करू नये. हे मला आता कळलं. (मला सगळ्या गोष्टी आताच कळतात.)

माझ्याकडे एक जुनी, कापडी टपाची गाडी आहे. टपाची घडी घालून मागे टाकता येते, तसली. अकोल्यात जठारपेठेतून ती निघाली की लोक वळून बघतात, आणि बंद पडली की ढकलूही लागतात. मला एकच खुपायचं, की तिचा टप फार उंच. मित्र विपुल तर तोंडावर म्हणाला, "वकीलसाहेब, गाडी झकास, पण वरून दमणी दिसते, छपराची बैलगाडी."

झालं! टप कापून बुटका करायचं ठरलं.

"काहून? बरा तर आहे," तारा म्हणाली. तारा म्हणजे आमची सौ. "अन् गौरांगले याच गाडीतून मांडवात नेतो, असं तुमीच बाबांले सांगितलं ना?"

"त्याच्यासाठीच तर! तुझा भाऊ नवरदेव, गाडी रुबाबदार नको?"

इथे एक सांगून टाकतो. सासरी माझी किंमत यथातथाच. सासरे देवीदासराव निवृत्त हेडमास्तर. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही कामाला त्यांनी पासापुरते मार्क दिलेले नाहीत. ही गाडी म्हणजे माझी फेरपरीक्षा होती. म्हणून तर मी त्यांना ठरवलेली घोडी रद्द करायला लावली.

बाळापूरचा शेषराव मेकॅनिक माझ्याहून उत्साही निघाला. "साहेब, टपाचे पाइप कापतो अन् वेल्डिंग मारतो. लोक पाह्यतच राह्यतीन! फक्त मंग घडी नाही होनार."

"उन्हाळ्यात घडी घालतो कोण?" (अकोल्याच्या मे महिन्यात टप उघडणारा माणूस एक तर येडा, नाही तर पाहुणा.)

"मंग बसा आत. माप घेतो."

मी बसलो. त्यानं माझ्या टकलावर हात ठेवला, वर चार बोटं मोजली आणि खडूनं खूण केली. आता मी उभा राहिलो तरी ताराच्या कानापर्यंतच पोचतो, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही. या भानगडीत मला गौरांगच्या साखरपुड्यालाही जाता आलं नाही. गाडी घरी आणली तर ताराच्या अंबाड्याला टप लागला. मी म्हणालो, "अंबाडा कमी कर."

लग्न दर्यापूरला. जानवशातून नवरदेवाला आधी मारोतीच्या दर्शनाला न्यायचं, तिथून मांडवात. झेंडूनं सजलेली गाडी, पांढऱ्या सफारीत मी स्वतः स्टिअरिंगवर, पुढे बँड. अन् गौरांग बाहेर आला. मुळात सहा फूट. त्यावर फेटा. फेट्यावर बाशिंग.

तो गाडीत मावेना. समोरून घातला, आडवा घातला, पाठमोरा घातला.

"मान घाल ना खाली जराशी!"

"भाऊजी, आनखी किती? हनवटी छातीले टेकली!"

"मग बाशिंग काढ पाच मिनिटं."

बँड थांबला. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अवं माय! बांधलेलं बाशिंग अक्षता पडल्याबिगर सोडते काय कोनी? तुमच्या जिभेले काही हाड?"

"टप उघडा," सासरे म्हणाले.

"उघडत नाही."

"उघडते म्हणूनच घेतली होती ना?"

"तेव्हा उघडत होती."

"घोडी?" बँडवाल्यानं विचारलं.

"रद्द केली," मागून कोणीतरी म्हणालं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला आपसूक बाकावर उभं राहावंसं वाटलं.

मुहूर्त टळायला आलेला. मांडवातून फोनवर फोन. तेवढ्यात तारानं फुलवाल्याच्या हातातली कात्री ओढली.

"तारा, कापड इम्पोर्टेड आहे!"

"अन् भाऊ मले एकच आहे."

कचाकच! मागच्या सीटच्या बरोबर वर टपाला हे एवढं भोक. गौरांग खाली बसला आणि भोकातून बाशिंग डुलत वर आलं. बँडवाल्यांना चेव चढला. रस्त्यावरच्या प्रत्येकानं मोबाइल काढला. मुहूर्त सापडला, अक्षता पडल्या. सासूबाईंनी डोळे पुसले. मीही पुसले. (टपाकडे बघून.)

आता तरी काठावर पास, असं वाटून मी सासऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मुलीचे वडील धर्मेंद्रभाऊ हसत आले. "वा, देवीदासराव! टपातून बाशिंग! कोनाचं डोकं हे?"

"आमच्या ताराचं."

"अन् जावई दिसून नाही राह्यले? साखरपुड्यालेही भेटले नव्हते."

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या भोकाकडे.

"त्यांची कोर्टात तारीख होती," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. पण माझ्या हातातली चावी पाहून धर्मेंद्रभाऊंनी प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ड्रायव्हरभाऊ, गाडी त्या निंबाखाली लावा, अन् पयले जेवून घ्या. तुमाले परत जा लागन."

मी आशेनं ताराकडे पाहिलं. तिनं पदर सावरला.

"अन् हो, ड्रायव्हरभाऊ," ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "भोकावर टॉवेल टाकजा. निंबावर कावळे आहेत."