सात आठे किती, ते सांगा आणि आत या

गुरुवारी दुपारी तीन वाजता दाराची कडी राडोयेच्या हातात आली. दार मात्र होतं तिथेच राहिलं, आणि तेही अर्धवट उघडं.

“हे काय केलंत?” देसांकाबाईंनी विचारलं.

“मी काय केलं? दार लावत होतो.”

“एरवी कधी लावता का? नेमकं आजच बरं सुचलं!”

आज पाच वाजता नगरपालिकेचे तिहोमिरसाहेब येणार होते. जुन्या पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत ‘गोष्टींची थैली’ नावाची संस्था चालायची. शाळा सुटली की गावातली मुलं इथे येत. आधी घरचा अभ्यास, मग जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली एक लोककथा. फी नाही, वर्गणी नाही. देसांकाबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. ज्या देशाची गोष्ट झाली त्या देशावर भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचायची, हा त्यांचा शिरस्ता. राडोये जन्मभर गावची बस चालवून निवृत्त झालेला. तो गणित शिकवायचा आणि गोष्टी सांगायचा, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच दमात करायचा. आता एका फरशीवाल्याने या खोल्या गोदामासाठी मागितल्या होत्या. साहेबांनी अर्धा तास बसून बघायचं आणि इथे मुलं राहणार की फरश्या, ते ठरवायचं, असं ठरलं होतं. निकाल आपल्याच बाजूने लागणार याबद्दल देसांकाबाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका हा प्रकारच त्यांच्या स्वभावात नव्हता.

“एका कडीने काय होतंय?” त्या म्हणाल्या.

एका कडीने काही झालंही नसतं. पण समोरची खिडकी हिवाळ्यात फुगून बसली होती आणि पुरती लागत नव्हती. तिकडे खिडकी उघडी, इकडे दार उघडं, आणि बाहेर तीन दिवस कोशावा वारा सुटलेला. म्हणजे खोलीत प्रोमाया. आरपार वाहणाऱ्या वाऱ्याला आम्ही प्रोमाया म्हणतो आणि त्याला जेवढे घाबरतो तेवढे कर आकारणाऱ्यालाही घाबरत नाही. प्रोमायाने मान धरते, कान ठणकतो, तोंड वाकडं होतं, कंबर बसते. डॉक्टर याला हसतात, पण दवाखान्याची एक बाजू नेहमी बंद ठेवूनच हसतात.

पावणेचारला मिलुंकाआजी नातीला घेऊन जिना चढून आल्या. विदा आठ वर्षांची. हिवाळाभर ती इथे येत होती, पण वर्गात तिने अजून तोंड उघडलं नव्हतं. विचारलं तर उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहायची आणि त्यावर हात ठेवायची. आजी उंबऱ्यात थांबल्या, एक बोट ओलं केलं आणि हवेत धरलं.

“इथे प्रोमाया आहे,” त्या म्हणाल्या.

राडोयेने कडी पाठीमागे लपवली.

“विदा, टोपी घाल. घरी जायचंय आपल्याला.”

“अहो मिलुंकाआजी, जरासा वारा आहे,” राडोये म्हणाला.

“जरासा? आमच्या शेजारच्या बोरिवोयला जराशानेच धरलं होतं. सहा आठवडे माणूस एका बाजूने शिट्टी वाजवत होता.”

जिन्यातून दुसऱ्या एका आजीने विचारलं, “काय झालं हो वर?” कोणीतरी उत्तर दिलं, “प्रोमाया!” मग तो शब्द पायरी पायरी उतरत खाली गेला, आणि वर येणारी मुलं आपापल्या आज्यांच्या हाताला धरून माघारी वळू लागली. साहेब येईपर्यंत खोलीत फक्त नकाशा उरला असता.

“राडोये, दार बंद करा,” देसांकाबाईंनी हुकूम सोडला.

“कडी नाही.”

“खिळे आहेत ना?”

राडोयेने दारावर आतून एक आडवी फळी ठोकली. चांगले लांब खिळे ठोकून. दार बंद होणार हे कळल्यावर माघारी वळलेली मुलंही तोवर आत आली होती आणि त्यांना हे फार आवडलं. आजींनी बोट पुन्हा ओलं करून हवेत धरलं, मान डोलावली, आणि “मी बसते इथेच, तुमचा काही भरवसा नाही,” असं म्हणून शेगडीजवळ विणकाम काढलं.

“आणि साहेब कुठून येणार?” राडोयेने विचारलं.

“त्याची काळजी मी केलीय. मी खाली पुढच्या दारात सारण भरलेला गरम बुरेक घेऊन उभी राहते. साहेब आले की त्यांना तिथेच खाऊ घालते, गप्पांत गुंतवते. पावणेपाच वाजले की तुम्ही फळी काढा. सगळं चोख होईल.”

खिळे ठोकून झाल्यावर लक्षात आलं की बाई अजून आतच आहेत. मग फळी एकदा काढून पुन्हा ठोकावी लागली. पण बाईंचा आत्मविश्वास तेवढ्याने हलणारा नव्हता. योजना खरोखर चोख होती. फक्त तिच्यात तिहोमिरसाहेबांचा स्वभाव धरलेला नव्हता. साहेब कुठेही अर्धा तास आधी जात आणि मागच्या दाराने जात. लोक काय लपवतात ते त्याशिवाय कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

साडेचारला राडोयेची गोष्ट ऐन रंगात आली होती. गोष्ट पार उत्तरेकडची. बर्फातली झोपडी, आत तीन भावंडं, आई लाकडं आणायला गेलेली. जाताना बजावून गेलेली, की थंडी दारावर येईल, नाना सोंगं करेल, पण दार उघडू नका. थंडी येते आणि दार ठोठावते. कधी म्हणते मी तुमची आत्या, कधी म्हणते मी व्यापारी. मुलं तिला प्रश्न विचारतात, कारण थंडीला माणसांच्या गोष्टी येत नाहीत. मूळ गोष्टीत काय प्रश्न होते ते राडोये विसरला होता. त्याने तिथे पाढे घातले होते.

“आणि मग,” राडोये आवाज खाली आणत म्हणाला, “तिसऱ्यांदा दारावर...”

ठक ठक ठक.

राडोयेच्या हातातली पळी अजून हवेतच होती. शेगडीच्या नळीवर ती आपटून ठकठक करायची, हे त्याचं काम. त्याने दाराकडे पाहिलं आणि तो खूश झाला. देसांकाबाईंनी न सांगता बाहेर माणूस उभा केला होता! बाई म्हणजे बाईच.

“कोण आहे?” मुलं ओरडली.

“मी नगरपालिकेतून आलोय! दार उघडा!”

मुलं हसून लोळायची बाकी राहिली. आत्या झाली, व्यापारी झाला, आता थंडी नगरपालिकेतून आली होती.

“खोटं! तू थंडी आहेस!”

“अरे, मी तिहोमिर! साहेब आहे मी!”

“सगळ्या थंड्या असंच म्हणतात!” एक मुलगा म्हणाला.

“शाबास,” राडोये म्हणाला. “विचारा तिला.”

“खरा माणूस असशील तर उत्तर दे! आठ नव्वे किती?”

बाहेर साहेबांनी दाराला खांदा लावून पाहिला. दार हललं नाही. “बहात्तर!” ते ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

“डॅन्यूब कुठल्या समुद्राला मिळते?”

“काळ्या! आता उघडा!”

मुलं जरा हिरमुसली. इतकी हुशार थंडी त्यांनी पाहिली नव्हती. राडोयेलाही आता पुढे काय करावं सुचेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

“सात आठे किती?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. विदा उभी होती. वहीवरचा हात तिने काढला होता.

जिन्यातल्या फुटक्या खिडकीतून वारा घोंगावत होता. साहेबांनी बोटं मोजली असावीत, पण बोटं गारठली होती.

“चौपन्न!”

“छप्पन्न!” विदा किंचाळली. “छप्पन्न! ही थंडीच आहे! उघडू नका!”

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मिलुंकाआजींची सुई थांबली होती. नातीचा एवढा मोठा आवाज त्यांनी घरातही ऐकला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि विणकामातले चार टाके सुटले, ते त्यांनी सुटू दिले.

“अहो, ऐका तरी!” बाहेरचा आवाज आता रडकुंडीला आला होता. “इथे जिन्यात प्रोमाया आहे हो! माझी मान धरली!”

आजी ताडकन उठल्या.

“गप्प बसा रे सगळे! थंडीला कशाला बाधेल प्रोमाया? बाहेर माणूस आहे!”

राडोयेचा चेहरा उतरला. त्याने घड्याळ पाहिलं, मग दार पाहिलं, मग पक्कड उचलली.

“हात लावायचा नाही!” आजी गरजल्या. “आधी खिडकी! दार उघडलंत तर सगळी पोरं वाऱ्यात!”

“पण साहेब बाहेर...”

“साहेब, मान झाका आणि भिंतीला लागून उभे राहा!” आजींनी दाराआडून सांगितलं. “आम्ही खिडकी बुजवतोय!”

“बुजवा!” बाहेरून उत्तर आलं. साहेब झाले म्हणून काय, ते आमच्याच गावचे. “नीट बुजवा! फट ठेवू नका!”

मुलांनी आपापले कोट खिडकीत कोंबले, एक टोपी, दोन दप्तरं आणि आजींची शाल. मगच राडोयेने खिळे उपसले. दारात तिहोमिरसाहेब उभे होते. मफलर डोक्यावरून बांधलेला, कागदांची फाईल कंबरेमागे धरलेली, आणि मान डावीकडे कललेली, ती तशीच.

पुढचं मिलुंकाआजींनी हातात घेतलं. साहेबांना शेगडीजवळ बसवलं, कॉलर मोकळी केली आणि पिशवीतून बाटली काढून मानेवर राकिया, म्हणजे घरची फळांची कडक दारू, चोळायला सुरुवात केली. “बाई, मला अजून कचेरीत जायचंय,” साहेब म्हणाले. “वास येईल.” “वास येऊ दे, मान सरळ येऊ दे,” आजी म्हणाल्या आणि आणखी ओतली.

एवढ्यात देसांकाबाई गार झालेला बुरेक घेऊन धापा टाकत वर आल्या. कोट कोंबलेली खिडकी, जमिनीवर खिळे, राकियाने घमघमणारे साहेब. कोणीही हबकलं असतं. बाईंनी एकवार सगळीकडे पाहिलं.

“वा! सुरुवात केलीत वाटतं,” त्या म्हणाल्या. “बुरेक घ्या साहेब, पालकाचा आहे.”

साहेबांनी बुरेक घेतला. मान वाकडी असल्यामुळे तो एका बाजूनेच खावा लागला. खाऊन झाल्यावर त्यांनी फाईल उघडली, पेन काढलं, आणि पुन्हा बंद केलं.

“त्या थंडीचं काय झालं?” त्यांनी राडोयेला विचारलं.

“कुठल्या?”

“गोष्टीतल्या. आई परत आली का? की थंडी आत शिरली? मी बाहेरून अर्धीच ऐकली.”

राडोयेने घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजले होते आणि आज्या जिन्यात जमल्या होत्या. आयुष्यभर त्याने एकही बस उशिरा सोडली नव्हती.

“वेळ संपली साहेब. उरलेली पुढच्या गुरुवारी.”

देसांकाबाईंनी डोळे मिटून घेतले. शंका काय असते ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“पुढच्या गुरुवारी?” साहेब मान वळवायला गेले आणि कळवळले. “पुढच्या गुरुवारी तुम्ही इथे असाल की फरश्या, ते मी ठरवायचंय अजून!”

“मग ठरवा,” राडोये म्हणाला आणि मुलांचे कोट खिडकीतून काढायला लागला.

तो आठवडा देसांकाबाईंनी कसा काढला ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नगरपालिकेतून निरोप नाही, फोन नाही. फरशीवाला मात्र दोनदा येऊन जिन्याची रुंदी मोजून गेला. गुरुवारी मुलं आली, फळी ठोकली गेली, आजींनी बोट ओलं करून पाहिलं. राडोये गोष्टीला बसला, पण सुरू करेना. नकाशापाशी उभ्या असलेल्या बाई दाराकडेच बघत होत्या.

साडेचार वाजता ठक ठक ठक झालं.

“कोण आहे?” मुलांनी विचारलं.

बाहेर कोणीतरी घसा साफ केला.

“छप्पन्न.”

विदा उठून दारापाशी गेली.

“बरोबर,” ती म्हणाली. “पण नगरपालिकेतून काय आणलंय?”

“दाराला नवी कडी,” बाहेरून आवाज आला. “पितळेची आहे. पुष्कळ वर्षं टिकेल म्हणतात.”

देसांकाबाई मटकन बाकावर बसल्या आणि मांडीवर टाचण्यांची डबी सांडली. राडोये पक्कड घेऊन धावला. पण मिलुंकाआजी आधीच दारात हात पसरून उभ्या होत्या.

“आधी खिडकी!” त्या म्हणाल्या.

“हो हो, आधी खिडकी,” साहेब बाहेरून म्हणाले. “सावकाश बुजवा. मी आज तीन मफलर बांधून आलोय. फक्त माझ्याशिवाय गोष्ट सुरू करू नका.”