आधी चालायचं, मग ऐकायचं

आमच्या बनारसमध्ये एक रेडिओ आहे, त्यावर गाण्याआधी चपलांचा आवाज येतो. चांगला बराच वेळ येतो. नवख्या माणसाला वाटतं, आपलाच मोबाइल बिघडला. मग धापा टाकत एक घोगरा आवाज म्हणतो, "पहले चलिए, फिर सुनिए!" हे आमचे माधवदादा. बँकेतून निवृत्त झालेले, आणि इंटरनेटवरच्या 'रेडिओ दुर्गाघाट'चे मालक, निवेदक आणि शिपाई.

स्टुडिओ वगैरे भानगड नाही. खिशात मोबाइल, सदऱ्याला माइक. रोज संध्याकाळी दादा दुर्गाघाटच्या घरातून निघतात आणि ज्यांना दुसरा कुठलाच रेडिओ विचारत नाही अशा कुणाच्या तरी दारात जाऊन थडकतात. कधी गच्चीवर गिटार बडवणारी विद्यापीठातली पोरं, कधी सनईचा नवशिका, कधी होडी रंगवता रंगवता गाणारा मल्लाह. पण तिथे पोचेपर्यंतची अख्खी गल्ली श्रोत्यांना ऐकावी लागते, तीही मराठीत. "हा दहीवाला. आज मलई जाड आहे बरं का. आता पायऱ्या, जपून." गाणं सुरू झालं की दादा हिंदीवर येतात. श्रोते निरोप पाठवतात, "दादा, ये बीच में मराठी में किससे बतियाते हैं?" दादा चालता चालता निरोप वाचतात, हसतात आणि पुन्हा मराठीत सुरू होतात.

एकदा गल्लीत सांड आडवा बसला. दादा म्हणाले, "महाराज बसलेत. थांबू या." दुसऱ्या वाटेने जातील तर शपथ! त्या दिवशीचा सगळा कार्यक्रम म्हणजे सांडाचे सुस्कारे. गिटारवाली पोरं गच्चीवर वाट बघून कंटाळली. दुसऱ्या दिवशी एका श्रोत्याने विचारलं, "कलवाले उस्ताद फिर कब आएँगे?"

मी रामघाटला राहते, शाळेत शिकवते. रेडिओचं कॉम्प्युटरवरचं काम माझ्याकडे. त्यामुळे एका कॉलेजने आपल्या नव्या एफएम रेडिओच्या स्टुडिओत यायचं बोलावणं धाडलं, तेव्हा मलाच जास्त आनंद झाला. आमची सनई, आमचे मल्लाह आता शहरभर साध्या रेडिओवर ऐकू येणार! अट एवढीच, की बंद खोलीत बसायचं आणि फक्त गाणी लावायची. चालणं बंद.

दादा म्हणाले, "बघतो." आणि बघतच राहिले. कॉलेजचे फोन मला. माझं डोकं फिरलं. त्यात गल्लीत कुजबुज होतीच. दादांच्या पत्नी शालिनीवहिनी जिन्यावरून पडल्यापासून तिसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या, आणि हा माणूस रोज संध्याकाळी भटकायला मोकळा! मलाही ते खटकायचं.

शेवटी वहिनींनाच मध्ये घालावं म्हणून एका संध्याकाळी वर गेले. दादा नुकतेच बाहेर पडले होते. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतली नारायणपेठ, केस नीट विंचरलेले, ताजं कुंकू.

"कुठे निघालात वहिनी?" मी थट्टेने विचारलं.

"अगं, ह्यांच्याबरोबर," त्या सहज म्हणाल्या. "बस ना. आत्ताच निघालोय आम्ही. आज ब्रह्माघाटावरून नेतायत, त्या गिटारवाल्या पोरांकडे."

उशीवर मोबाइल होता. त्यातून दादांचा आवाज आला, "हा दहीवाला. नमस्कार म्हणतोय बघ." वहिनींनी मान हलवून नमस्कार घेतला.

पण ज्यासाठी आले होते ते सांगणं भागच होतं. कॉलेजचं सगळं सांगितलं.

"मला बोलले नाहीत हे," वहिनी म्हणाल्या. "हो म्हणायला सांग त्यांना. त्या बिचाऱ्या सनईवाल्याला चार लोक ऐकतील. माझं काय, मी पुष्कळ फिरले."

मोबाइलमधून आवाज आला, "आता चढ हं." पावलं झपाझप पडू लागली. वहिनींनी पदर सावरला आणि खरोखरच दम लागल्यासारखा श्वास घेतला.

"पहिल्यापासून असेच. चढावर भरभर पुढे निघून जातात. मी आपली मागे."

मी माझा फोन काढला आणि रेडिओवर निरोप टाकला, "दादा, वहिनी मागे राहिल्यात."

पावलं थांबली. एक घंटा वाजली, कुणीतरी "हटो, हटो" ओरडत गेलं. वर गच्चीवर पोरं गिटार घेऊन खोळंबली असणार. वहिनी मोबाइलकडे बघत होत्या, आणि कॉलेजला नकार कळवायचा हे माझं मी ठरवून टाकलं होतं.

मग तो घोगरा आवाज आला, एरवीपेक्षा फार हळू.

"बरं. थांबलोय मी इथे. ये सावकाश."