तपासनीसबाईंचा वेग

नवे मॉनिटर टेबलांवर लागले आणि पहिल्याच सकाळी हिशेबनीसांना भोवळ आली. जमाखर्चाचा तक्ता भरभर खाली सरकवला की त्याचे मधोमध दोन तुकडे होत. वरच्या तुकड्यात जुन्या ओळी, खालच्यात नव्या, आणि दोघांमध्ये एक आडवी रेघ.

"माझ्या हिशेबाला कुणीतरी सुरीनं कापतंय," खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून ते म्हणाले.

"गेमच्या दुकानातले मॉनिटर आहेत ते," पलीकडून चित्रकार म्हणाले. "तिथे दिवसभर कापाकापीच चालायची. सवय जाता जात नसेल."

ते खरं होतं. गेम खेळायचं एक दुकान बंद पडलं होतं आणि साहेबांनी तिथले मॉनिटर घाऊक भावात उचलून आणले होते. त्यांच्या पायांना नख्या होत्या आणि पाठीमागे लाल दिवे लागत. ऑफिस मात्र औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांचं. चित्रकार ती मांडत, तपासनीसबाई त्यांतला शब्द न् शब्द, मात्रा न् मात्रा तपासत, आणि हिशेबनीस त्याचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून फोन करत. इतक्या शांत कामावर तो लाल उजेड पडला की तिघंही गुन्हा करत असल्यासारखे दिसत.

"बाई, तुम्ही विज्ञानाच्या ना?" साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं. "बघा जरा."

बाईंनी मॉनिटरसोबतचं माहितीपुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. असं कुणी करतं हेच मुळात ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. दुखणं साधं होतं. पडदा आपल्या तालात चित्र बदलत होता आणि कॉम्प्युटर आपल्या तालात चित्रं पाठवत होता. दोघांची गाठ चुकली की अर्धं जुनं, अर्धं नवं. उपाय असा, की पडद्यानेच कॉम्प्युटरच्या तालावर चालायचं: चित्रं पटापट आली तर पटापट, नाही आली तर सावकाश. ही सोय आधी मॉनिटरच्या मेनूत आणि मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागे. बाईंनी चारही मॉनिटरांवर ती केली. चालू झाली की नाही हे नक्की कळावं म्हणून मेनूतली आणखी एक सोय त्यांनी चालू केली. त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात, त्या क्षणी पडदा किती वेगाने चालला आहे, त्याचा हिरवा आकडा दिसू लागला.

आकडा बघायचा आणि लगेच बंद करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. नेमके तेव्हाच साहेब बाहेर आले.

"हे काय?"

"वेग आहे, साहेब. काम जसं येईल तसा पडदा वेग बदलतो."

साहेबांनी हिशेबनीसांच्या पडद्याकडे पाहिलं. हिशेबनीस खुशीत तक्ता वरखाली फिरवून बघत होते. आकडा एकशे चव्वेचाळीस. मग त्यांनी चित्रकारांकडे पाहिलं. चित्रकार दोन्ही हातांत कप धरून चहा पीत होते, आकडा अठ्ठेचाळीस. साहेबांनी कपाकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. चित्रकारांनी कप ठेवला आणि माउस हातात घेतला. आकडा टुणकन वर गेला.

"अरे वा," साहेब हळूच म्हणाले.

"साहेब, तो पडद्याचा वेग आहे," बाई म्हणाल्या. "माणसाचा नाही."

"पडदा कुणामुळे हलतो?"

"माणसामुळे. पण..."

"मग झालं. इतकी वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघून कोण काम करतंय त्याचा अंदाज बांधतोय. हिशेबनीसांचं तोंड तर झोपेतही कामात असल्यासारखं असतं. आकडा कुणी बंद करायचा नाही."

बाईंचं धाबं दणाणलं, कारण त्यांचं काम म्हणजे एका पानाकडे निश्चल बघत बसणं. पान हललं तर नजर हलते, नजर हलली तर 'अर्धी गोळी' आणि 'एक गोळी' यांतला फरक निसटतो. त्यांच्या पडद्यावर आकडा अठ्ठेचाळीसवर येऊन बसला तो बसलाच. त्याखाली तो मॉनिटर जातच नव्हता, एवढीच काय ती अब्रू शिल्लक. आणि बाईंची सहा महिन्यांची चाचणी याच शनिवारी संपत होती. नोकरी पक्की करायची की निरोप द्यायचा, ते साहेब त्या दिवशी सांगणार होते.

बाकीच्या दोघांना आकड्याची नाडी लवकर सापडली. हिशेबनीस उजव्या हाताने कागदावर बेरजा करायचे आणि डाव्या हाताने माउसचं चाक फिरवत राहायचे. चित्रकारांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसा चेंडू काढून तो सतत उड्या मारेल अशी व्यवस्था केली आणि तो झाकायला त्यापुढे आपल्या चष्म्याचं घर उभं करून ठेवलं. साहेब पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारत आणि माणसांकडे न बघता फक्त कोपऱ्यांकडे बघत.

"बाई, बरं नाही का?" ते बुधवारी म्हणाले.

"बरी आहे साहेब. वाचतेय."

"सकाळपासून?"

"मुलांच्या तापाचं औषध आहे. मात्रा वजनाप्रमाणे बदलते."

"शनिवार आला हं," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, खरीखुरी काळजी होती, आणि तीच जास्त झोंबली.

बाईंनी चाक फिरवत वाचून पाहिलं. एक अख्खा परिच्छेद वाचल्यावर लक्षात आलं की आपण तो वाचलाच नाही.

घरी नणंद सोफ्यावर पाय खाली सोडून विणकाम करत होत्या. नवऱ्याच्या त्या मोठ्या बहीण. महिनाभर राहायला आल्या होत्या आणि भावजयीची नोकरी पक्की झाल्याचं शेजारपाजारी केव्हाच सांगून बसल्या होत्या.

"वन्सं, अजून झाली नाही हो पक्की."

"होईल गं. मी आधी सांगून ठेवलं, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको."

"साहेबांना वाटतं मी काम करत नाही. मी हलत नाही ना."

"मग हल की जरा. माझा भाऊ नाही का, पाहुणे आले की उगाच या खोलीतून त्या खोलीत जातो. सगळ्यांना वाटतं केवढी मदत करतो."

बाई हसल्या, पण त्यांची नजर दुसरीकडेच होती. टेबलफॅन मान फिरवत होता. लोकरीचा धागा त्याच्या जाळीत अडकला होता, आणि फॅनची मान इकडे वळली की लोकरीचा गुंडा जमिनीवर दोन वीत पुढे सरके, तिकडे वळली की धागा सैल पडे. नणंद दर वेळी तो पायाने मागे ओढत होत्या.

"वन्सं, थोडी लोकर द्याल?"

"कुठल्या रंगाची?"

"कुठलीही. ओढ सहन करणारी."

गुरुवारी सकाळी बाईंनी आपल्या टेबलावरच्या फॅनच्या मानेला जांभळी लोकर बांधली, तिचं दुसरं टोक माउसला बांधलं, आणि माउस परत यावा म्हणून मागच्या बाजूला एक रबर अडकवलं. फॅन वळला की माउस पुढे, फिरला की मागे. पडद्यावरचा बाण शांतपणे येरझाऱ्या घालू लागला. आकडा एकशे चव्वेचाळीस. पानं उलटायला कीबोर्ड होताच. फसवल्यासारखं वाटतंय का, हे त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. आकडा पडद्याचा होता आणि पडदा खरोखरच तेवढ्या वेगाने चालत होता. यात खोटं काहीच नव्हतं. मग त्यांनी तापाचं औषध निवांत वाचून काढलं.

"आता कसं," साहेब दुपारी म्हणाले. शुक्रवारी तर त्यांनी हिशेबनीसांना सुनावलं, "बाईंकडे बघा. आकडा सकाळपासून तसूभर हललेला नाही." लोकर त्यांना दिसली नाही. ते कोपऱ्याच्या बाहेर बघतच नव्हते.

शनिवारी मोठे साहेब आले. ते ऑफिसचे मालक आणि साहेबांचे सासरे. जावयाने फोनवर आकड्याची इतकी तारीफ केली होती की ते गुडघे दुखत असताना दोन जिने चढून आले. बाई तेव्हा चष्मा धुवायला नळावर गेल्या होत्या.

"ही आमची सगळ्यात वेगवान जागा," साहेब म्हणाले.

मोठ्या साहेबांनी पाहिलं. कोपऱ्यात एकशे चव्वेचाळीस. खुर्ची रिकामी.

"माणूस कुठंय?"

"येतीलच. पण काम थांबलेलं नाही, बघा."

मोठे साहेब दमले होते. ते त्या खुर्चीत बसले. "मी बसलो. आकडा तेवढाच आहे."

"तुमचा अनुभव दांडगा," साहेब म्हणाले.

मोठे साहेब टेबलाला धरून उठले. "उठलो. तेवढाच आहे."

हिशेबनीस डाव्या हाताने जोरात चाक फिरवू लागले. चित्रकारांनी चष्म्याचं घर नीट उभं केलं. मोठ्या साहेबांची नजर जांभळ्या लोकरीवरून हळूहळू सरकत फॅनच्या मानेपर्यंत पोचली, आणि त्यांनी बोटाने फॅनचं बटण दाबलं. पाती थांबली. आकडा घसरत अठ्ठेचाळीसवर आला.

"फॅनला पक्कं करायचंय का?" त्यांनी जावयाला विचारलं.

तेवढ्यात बाई ओला चष्मा हातात धरून दारात आल्या. समोरचं दृश्य त्यांना अस्पष्ट दिसलं, पण समजायला तेवढं पुरेसं होतं.

"लोकर माझी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे नणंदेची. आकडा पडद्याचा आहे, तो काही हललं की वाढतो. माझ्या कामात काही हलत नाही. हलवलं तर वाचता येत नाही, न हलवलं तर नोकरी राहत नाही. म्हणून हलवायचं काम फॅनला दिलं."

मोठे साहेब तडक जावयाच्या केबिनमध्ये गेले. मागोमाग साहेब, आणि कुणी बोलावलं नसताना बाईही. साहेबांच्या पडद्यावर एका औषध कंपनीचा लांबलचक करार उघडा होता. कोपऱ्यात अठ्ठेचाळीस.

बाहेरून हिशेबनीसांच्या चाकाचा आवाज येत होता.

"आठवडाभर असाच आहे," साहेब खाली मान घालून म्हणाले. "मी खूप प्रयत्न केला. वाचायला लागलं की पडतो. सगळ्यांत ऐतखाऊ मीच निघालो. कुणाला सांगू?"

बाईंना हसू यायला हवं होतं, पण वाईट वाटलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"नीट वाचणाऱ्याचा आकडा अठ्ठेचाळीसच येतो, साहेब. माझाही तोच. करार चाळला असतात तर वाढला असता."

"असं?" मोठे साहेब म्हणाले. त्यांनी पहिल्यांदाच जावयाकडे जरा आदराने पाहिलं. "म्हणजे जावईबापू वाचतात."

"शब्द न् शब्द," बाई म्हणाल्या.

"मग या बाईंना सोडू नका. ऑफिसात वाचणारी दोनच माणसं दिसताहेत."

साहेबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता. "पक्क्या, बाई," ते म्हणाले. "आजपासून पक्क्या."

संध्याकाळी नणंदेने बातमी ऐकून हातातली सुई खाली ठेवली नाही. "ती जुनी बातमी आहे," त्या म्हणाल्या. "शेजारी केव्हाच अभिनंदन करून गेलेत. लोकर आणलीस का परत?"

सोमवारी बाई ऑफिसात आल्या तेव्हा तिथे चिटपाखरूही हलत नव्हतं. हिशेबनीस हात मांडीवर ठेवून तक्त्याकडे टक लावून बसले होते. चित्रकारांचा चेंडू नाहीसा झाला होता आणि ते निवांत चहा पीत होते. तिन्ही पडद्यांवर अठ्ठेचाळीस. बाई बसल्या आणि त्यांनी माउसला नुसतं बोट लावलं, तोच केबिनच्या दारात साहेब उभे राहिले.

"बाई, तुम्हीसुद्धा?" ते दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "एवढी कसली घाई? नीट वाचा. चित्रकारांकडे बघा, सकाळपासून आकडा तसूभर वर गेलेला नाही."

"साहेब, मला पुढचं पान..."

"हे पान नीट झालं का?"

"दोनदा वाचलं."

"मग तिसऱ्यांदा काय बिघडलं?"

बाईंनी तिसऱ्यांदा वाचलं. पान निर्दोषच होतं. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून हिशेबनीसांकडे पाहिलं. तेही बेरीज पुरी होऊन कधीचे खोळंबले होते. चित्रकारांचा कप रिकामा होता, तरी ते पीत होते. साहेब दारातून हलायला तयार नव्हते.

शेवटी केबिनमधला फोन वाजला. साहेब तो घ्यायला आत वळले, आणि तिघांनीही एकदमच पान उलटलं.