एकच खुर्ची वर गेली

लावण्याने ठरवलं होतं, फक्त एक खुर्ची वर न्यायची. एकच. त्यापुढे जे काही झालं त्यात तिचा काही दोष नाही, असं ती अजूनही सांगते (ऐकणारं कोणी सापडलं तर).

वर म्हणजे गच्चीवरच्या खोलीत. तिथे हालिनाअक्का राहायची. हालिना युक्रेनची. लावण्याचा धाकटा दीर श्रीकर तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला, तेव्हा तिच्याच घरी भाड्याने राहायचा. युद्ध सुरू झालं तसं तिने त्याला तळघरात आपल्या अंथरुणाशेजारी जागा दिली, आणि एके दिवशी आपल्या वाटणीचा पाव त्याच्या खिशात कोंबून त्याला सरहद्दीच्या गाडीत बसवून दिलं. पुढे तिचं घरच उरलं नाही, तेव्हा श्रीकरने तिला तंजावूरला आपल्या मराठी घरी बोलावून घेतलं. स्वतः मात्र नोकरीला कोइंबतूरला गेला.

सासूबाई, म्हणजे कृष्णवेणीबाई, पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, "माझ्या लेकराला जिने जेवू घातलं ती या घरात फुकट राहील." आणि हालिना पहिल्या दिवसापासून सांगत होती, "फुकट नको." (तिचे मराठीतले पहिले दोन शब्द हेच.)

चेन्नईची एक संस्था युद्धातून आलेल्या लोकांना दर महिन्याला मदत द्यायची. ती मदत मिळाली तर हालिना भाडं देणार आणि मानाने राहणार. नाही मिळाली तर संस्थेच्या चेन्नईतल्या वसतिगृहात जाणार. तिने पेटी उघडून ठेवलीसुद्धा होती.

ती उघडी पेटी लावण्याला बघवत नसे. कारण तिचा प्रणवेश. अडीच वर्षांचा, आणि जेवणाचा जन्माचा वैरी. रसम-भाताची वाटी घेऊन लावण्या मागे आणि पोरगं पुढे, अशी वरात रोज बोळाच्या टोकापर्यंत जायची. ती कावळा दाखवायची, बस दाखवायची, पोलीस दाखवायची. घास मात्र तिच्याच पदरावर पडायचा. पोर वाळत चाललंय या धास्तीने ती त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तांदळाच्या काट्यावर बसवून यायची. दुकानदार विचारायचा, "बांधून देऊ की असंच नेता?"

आणि हाच प्रणवेश हालिनासमोर जाऊन स्वतःहून आ करायचा! वाटी चाटूनपुसून रिकामी. कसं काय, ते कोणालाच कळलं नव्हतं. कळून करायचंय काय? हालिना राहायला हवी, बस.

म्हणून मदतीचा अर्ज लावण्याने अंगावर घेतला. झेरॉक्सच्या दुकानात तीच गेली, रांगेत तीच उभी राहिली. फोटोच्या वेळी हालिनाच्या पिवळ्या केसांत मोगऱ्याचा गजरासुद्धा तिनेच माळला. मग संस्थेचं इंग्रजी पत्र आलं. लावण्याची शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे पत्र वाचलं नवऱ्याने, हरिप्रसादने, तेही दाढी करता करता.

"शुक्रवारी त्यांच्या बाई येणार. घर बघायला."

एवढं बोलून तो गालाचा साबण पुसायला गेला. पुढचं वाचलंच नाही. लावण्यानेही विचारलं नाही. घर बघायला येणार म्हणजे काय, हे कळायला शाळा कशाला लागते? तिचं स्वतःचं लग्न ठरायच्या वेळी ही मंडळी पापनाशमला घर बघायला आली होती. तेव्हा तिच्या आईने अर्ध्या बोळातून सामान गोळा केलं होतं. चांदीची तबकं समोरच्यांची, सतरंजी मागच्यांची, पंखा कोणाचा ते आठवतही नाही. कृष्णवेणीबाई आजही अधूनमधून विचारतात, "गे लावण्या, तुझ्या माहेरी ती तबकं होती ना, ती गेली कुठे?"

"आपापल्या घरी गेली, आत्याबाई."

तर शुक्रवार उजाडला. वरच्या खोलीत एक चटई, एक गोधडी आणि हालिनाने तिकडून आणलेला एक पत्र्याचा मग. येणाऱ्या बाईंनी बसायचं कशावर? लावण्याने हॉलमधली सागवानी खुर्ची उचलली. ही खुर्ची सासूबाईंची. सकाळची कापी, म्हणजे कॉफी, त्या हिच्यावर बसूनच घ्यायच्या, दुसऱ्या कोणी टेकलेलं त्यांना खपायचं नाही.

"खुर्ची नको," हालिना म्हणाली. "मी खाली बस."

"तू खाली बस गे अक्का. त्या बाई खाली बसतील की?"

खुर्ची वर गेली. पण नुसती खुर्ची कशी दिसते? जसं काही कोणी विसरून गेलंय. म्हणून टीपॉय गेला. टीपॉयवर कापी ठेवायची कशात, म्हणून डबरा-टंबळरचा, म्हणजे वाटी-पेल्याचा, जोड गेला. तेवढ्यात जिन्यात सासूबाईंनी पकडलं.

"माझी खुर्ची कुठे नेलीस?"

लावण्याने घाबरत घाबरत सांगितलं. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. पण कृष्णवेणीबाईंनी कमरेवर हात ठेवला.

"खुर्ची नेलीस आणि भिंत कोरी ठेवलीस? येणारी बाई काय म्हणेल? श्रीकरला जेवू घालणारीला यांनी असं ठेवलंय?" आणि त्यांनी देवघराबाहेरचं सोन्याच्या वर्खाचं तंजावूर चित्र, लोणी खाणाऱ्या कृष्णाचं, स्वतः खिळ्यावरून काढलं.

चित्र वर जाताना शेजारच्या सरस्वतीमामींनी बघितलं. इथेच सगळं हाताबाहेर गेलं. कृष्णवेणीबाईंनी चित्र दिलं आणि मामींनी काहीच दिलं नाही, असं बोळात कळलं असतं तर मामींना त्यांच्या समोरून जाता आलं नसतं. मामींनी मिक्सी आणली. मग पितळी समई आणली. मग मामींचे यजमान राजगोपाल राव भला मोठा टीव्ही छातीशी कवटाळून जिना चढताना दिसले. "मॅच आहे आज," ते कोणाला तरी सांगत होते, पण ऐकायला कोणी नव्हतं. मागून येणाऱ्या मामी म्हणाल्या, "तुमची मॅच रोजचीच आहे, चला वर!"

दुपारपर्यंत खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. हालिना आपल्याच घरात मिक्सी आणि समईच्या मधे उभी होती, पाहुणी आल्यासारखी.

"रिकामा गळा?" मामी एकदम ओरडल्या. "अय्यो, रिकाम्या गळ्याने समोर जायचं?"

झालं! सासूबाईंची चार पदरी साखळी, मामींच्या बांगड्या, लावण्याच्या लग्नातली कुंभकोणमची जांभळी रेशमी साडी. हालिना नको नको म्हणत होती, पण या दोघींपुढे तिचं काय चालणार? गजरा माळल्यावर ती अशी दिसायला लागली की मामींनी तिची दृष्टच काढली.

तेवढ्यात हरिप्रसाद जेवायला घरी आला. हॉल बघून त्याच्या हातातली पिशवी पडली.

"चोरी झाली?"

"चोरी कसली! अब्रू वाचवली," लावण्या जिन्यावरून म्हणाली. तिच्या अंगावर जुनी नायटी, कपाळाला कोळिष्टक. "वर येऊन बघा तरी."

हरिप्रसादने वर जाऊन बघितलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून डोकं धरलं.

"अगं, बाई घर बघायला येणार म्हणजे हिच्याकडे काही नाही हे बघायला येणार! काही नसेल तरच मदत! पत्रात सगळं लिहिलंय!"

"मग वाचलं का नाही?"

"साबण डोळ्यात गेला होता!"

लावण्याच्या डोळ्यांसमोर ती उघडी पेटी आली, आणि बोळाच्या टोकापर्यंत पळणारा प्रणवेश. "उतरवा!" ती किंचाळली. राजगोपाल राव आनंदाने टीव्हीकडे धावले. आणि खाली दारात ऑटो थांबली.

संस्थेच्या बाई वर आल्या. वाणी त्यांचं नाव, डोळ्यांवर जाड चष्मा, काखेत पिशवी. दाराशीच लावण्या भेटली. वाणीबाईंनी नायटीकडे बघितलं, कोळिष्टकाकडे बघितलं आणि तमिळमध्ये गोड आवाजात विचारलं, "मालकीणबाई आहेत का गं घरात?"

(ती स्वतःच मालकीणबाई होती हे लावण्याने सांगितलं नाही.)

आत सोन्यात मढलेली हालिना सागवानी खुर्चीशेजारी उभी. मागे वर्खाचा कृष्ण झळकतोय.

"या निराधार?" वाणीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"टीव्ही बंद पडलेला आहे, मॅडम," लावण्या घाईने म्हणाली. "कधीचा!"

प्रणवेशने त्याच क्षणी रिमोट दाबला. मॅच सुरू होती. कोणीतरी षटकार मारला आणि मागून राजगोपाल राव "वा!" म्हणाले.

वाणीबाई खुर्चीवर बसल्या. सासूबाईंनी सवयीने कापी पुढे केली. वाणीबाईंनी ती प्यायली आणि टंबळर उलटा करून त्याच्या बुडाकडे बघितलं. तिथे ठिपक्याठिपक्यांनी तमिळमध्ये नाव कोरलेलं. कृष्णवेणी. त्यांनी डबरा उलटा केला. कृष्णवेणी. उठून समई वाकवून बघितली. सरस्वती. मिक्सीच्या भांड्यावर सरस्वती, खाली 'जावयाकडून'. नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर पाठवायचं नाही, ही इथल्या बायकांची हुशारी. तीच आज उलटली.

"यातलं हालिनांचं काय आहे?" वाणीबाईंनी विचारलं.

लावण्याला रडू फुटलं. "काही नाही हो मॅडम! सगळं आमचं. साडी माझी, साखळी आत्याबाईंची, टीव्ही मामींचा. आम्हाला वाटलं तुम्ही घर बघायला येताय, पोरीचं बघतात तसं. हिला पाठवू नका हो कुठे!"

कोपऱ्यात हालिना खाली बसली होती, आणि प्रणवेश तिच्या मांडीवर रेशमी साडीला भात पुसत मुकाट्याने जेवत होता.

"आणि हे मूल?"

"तेही माझंच आहे, मॅडम."

"म्हणजे मूलसुद्धा उसनं आणलंत!"

आणि वाणीबाई हसायला लागल्या. चष्मा काढून, पदर डोळ्यांना लावून हसल्या. "माझं घर बघायला आले होते तेव्हा फ्रिज आणला होता आमच्या लोकांनी," त्या म्हणाल्या. "नेताना दार निखळलं. माझी आई अजून त्याची बोलणी खाते."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण थोडाच वेळ. वाणीबाई हसू आवरून म्हणाल्या, "मदत मिळेल. पण एक आहे. बाई एकटी राहणार, तर राहण्यापुरतं काहीतरी तिचं स्वतःचं असायला हवं. उद्या तुम्ही सगळं परत नेलंत आणि खोली अगदीच रिकामी असली, तर तिला चेन्नईला नेणंच बरं, असं मला लिहावं लागेल." त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली, वाकून खाली बघितलं. "हिच्यावर नाव नाही. ही कोणाची?"

सासूबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"हिची!" लावण्या ओरडली. "खुर्ची हालिनाअक्काचीच!"

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी सुनेकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग भात गिळणाऱ्या नातवाकडे बघितलं. तोंड मिटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तिचीच."

वाणीबाई गेल्यावर ज्याचं त्याचं सामान नाव बघून परत गेलं. हालिनाची पेटी बंद होऊन खाटेखाली गेली (खाट मग मामींनी दिली, नाव घालून). लावण्याने गणपतीला नारळ फोडला आणि धीर करून हालिनाला विचारलं, "अक्का, हा तुझ्याकडे जेवतो कसा गे? तू करतेस तरी काय?"

हालिनाने शब्द शोधले. "मी काही नाही," ती म्हणाली. "मी गप्प बस."

लावण्या त्यानंतर बराच वेळ गप्प होती. (सवय नसल्यामुळे डोकं दुखलं.)

खुर्ची मात्र वरच राहिली, आणि ती एकटी दिसू नये म्हणून टीपॉय आणि चित्रही. वाणीबाई अधूनमधून बघायला येणार, तेव्हा ती तिथे दिसायला हवी. पण सासूबाईंना त्या खुर्चीशिवाय कापी जात नाही. म्हणून सकाळ झाली की त्या जिना चढून हालिनाकडे कापीला जातात. आजी गेली की प्रणवेश जातो, कारण इडली तिथे खायची असते. वर वारा बरा म्हणून हरिप्रसाद पेपर घेऊन जातो. सगळे गेले म्हणून मामी येतात. वर हसण्या-खिदळण्याचा आवाज, आणि लावण्या खाली, रिकाम्या हॉलमध्ये, जमिनीवर एकटी कापी पीत. सगळ्यांना वर लागणारा डबरा-टंबळर तिने स्वतःच वर पाठवलेला. त्यामुळे तिच्या हातात हालिनाचा तो पत्र्याचा मग.

परवा वाणीबाई फेरीला आल्या. वर जाण्याआधी त्यांनी उघड्या दारातून आत बघितलं. कोरी भिंत, कोरी जमीन, नायटीतली लावण्या आणि तिच्या हातातला टवके उडालेला मग. त्या हळूच आत आल्या, पिशवीत हात घातला आणि एक कोरा अर्ज तिच्यासमोर धरला.

"भरून टाका," त्या म्हणाल्या. "तुमचं काम होऊन जाईल. मी स्वतः घर बघितलंय."