मयत भावाचं लेखी निवेदन

एका जंगलात विद्यापीठ होतं. आधी तिथे नुसतं जंगल होतं आणि सगळे सारखेच अडाणी होते. मग विद्यापीठ झालं, तेव्हापासून कोण किती अडाणी आहे ते यादी लावून सांगता येऊ लागलं.

या विद्यापीठात, मुलांनो, एक ऑनर्सचा वर्ग होता. जागा फक्त पाच. निवड झाली की राहायला कोरडी गुहा, दोन वेळचं जेवण आणि चार वर्षांची शिष्यवृत्ती. शिवाय ऐनाच्या मोठ्या झाडाच्या सालीवर नाव कोरलं जाई आणि कुलगुरू हत्ती भर सभेत ते नाव घेत. हत्तींनी नाव घेतलं की सगळ्या सभेने उठून उभं राहायचं, असा रिवाज होता. वाघालाही उठावं लागे.

नदीच्या अलीकडे साळिंदरांचं एक घर होतं. घरात आई, मुलगी सगुणा आणि धाकटा टोच्या. टोच्या दुसरीत असताना मास्तर त्याला काहीतरी बोलले. काय बोलले ते नीट ऐकायच्या आधीच त्याने काटे उभारले आणि मास्तर जवळच उभे होते. तिथे त्याची शाळा संपली.

सगुणाची शाळा मात्र संपायचं नाव घेईना. साळिंदरांत आजवर कुणी ऑनर्सचा अर्ज केला नव्हता. तिने केला.

अर्जाला निबंध जोडायचा होता. विषय होता, ‘माझ्यावर कोसळलेलं संकट आणि त्यातून मी काय शिकलो’. शब्द पाचशे.

“आणि संकट नसलं तर?” टोच्याने विचारलं.

“तर सुखवस्तू समजतात.”

“आपल्यावर कुठलं कोसळलंय?”

“तू आहेस की,” सगुणा म्हणाली आणि सागाचं पान पुढ्यात ओढून पाठमोरी बसली.

जंगलात त्या महिन्यात सगळेच संकटं लिहीत होते. हरणाच्या पोरीने लिहिलं की तिच्या आईला वाघाने खाल्लं. ते खरं होतं. पण हरणांच्या सातही अर्जांत तेच होतं, म्हणून समितीने ‘नावीन्य नाही’ असा शेरा मारला. वाघाच्या बछड्याने लिहिलं की लहानपणी त्याला शेजारीपाजारीच नव्हते, त्यामुळे तो फार एकटा पडला. शेजारी का नव्हते ते त्याने लिहिलं नव्हतं. समितीला गहिवरून आलं. वाघ स्वतः समितीवर होते, पण मुलाचा निबंध निघाला तेव्हा ते नियमाप्रमाणे बाहेर जाऊन उभे राहिले. दारातच.

अर्ज दिल्यावर महिन्याभराने सगुणाला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. वैद्य म्हणाले, “विशेष काही नाही, असं होतं.” त्यांचं बरोबर होतं. जंगलात रोज कुणी ना कुणी जातं. फक्त ते दुसऱ्याच्या घरचं असतं.

टोच्याने त्या दिवशी वैद्यांना टोचलं, मग दाराला टोचलं, मग एका दगडाला टोचायला गेला आणि स्वतःचे चार काटे मोडून घेतले. त्यानंतर त्याला काय करावं ते कळेना.

आठव्या दिवशी यादी लागली. सगुणाचं नाव पहिलं होतं.

यादीखाली सूचना होती : ‘उमेदवार येऊ शकत नसल्यास रक्ताच्या नात्यातल्या कुणीही सभेत हजर म्हणावं. तशी नोंद आधी कार्यालयात करावी.’

आईचे गुडघे धरले होते. ती म्हणाली, “टोच्या, तू जा बाबा. आपल्याला जागा नको, गुहा नको. तिचं नाव तेवढं एकदा भर सभेत घेऊ देत. आणि कुणाच्या अंगावर जाऊ नकोस.”

“नाही जाणार.”

“तिथे वाघ असतो.”

“मग तर नाहीच जाणार.”

विद्यापीठाच्या कार्यालयात एक घोरपड बसायची. तिला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेब एकदा धरलेली फाइल सोडत नसत.

“नाव?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“टोच्या. सगुणाच्या जागी हजर म्हणायला आलोय.”

“उमेदवार का नाही आल्या?”

“ताई गेली.”

“कुठे?”

“मेली,” टोच्या म्हणाला.

भाऊसाहेबांनी फाइल उघडली. जिभेने एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले आणि परत आले. “तशी नोंद नाही. आपलं नातं?”

“मी तिचा भाऊ.”

“धाकटे?”

“धाकटा.”

“मग तुम्ही मयत आहात,” भाऊसाहेब म्हणाले. “या फाइलीत एकच मयत आहे, आणि ते तुम्ही.”

टोच्याचे काटे उभे राहिले. भाऊसाहेब दोन पावलं मागे सरकले, पण फाइल सोडली नाही. “माझ्यावर कशाला चिडता? उमेदवारांनी निबंधात लिहिलंय. वाचा.”

“मला वाचता येत नाही.”

“तेही लिहिलंय,” भाऊसाहेब म्हणाले आणि वाचू लागले.

“‘माझा धाकटा भाऊ टोच्या गेल्या वर्षी नदीत बुडाला. तो मूर्ख होता. कुणी काही बोललं की आधी काटे उभारायचा आणि मग ऐकायचा. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायला बसले की तो पान उलटायला येऊन बसायचा आणि हमखास चुकीच्या वेळी उलटायचा. आता पान मीच उलटते. ते बरोबर वेळेवर उलटतं. मला ते आवडत नाही.’”

टोच्याचे काटे हळूहळू खाली आले.

“‘आई अजून जेवणाचे तीन वाटे करते. तिसरा कुणी खात नाही आणि कुणी उचलूनही ठेवत नाही. तो तिथेच सुकतो. आम्ही त्याच्याकडे न बघता जेवतो. घरी आलेले म्हणतात, विसरा आता. मला त्यांना टोचावंसं वाटतं, पण ते काम त्याचं होतं.’”

भाऊसाहेबांनी पान बदललं.

“‘संकटातून मी काय शिकले, असा प्रश्न आहे. मी काही शिकले नाही. पण शब्द कमी पडतात म्हणून लिहिते की मी धीर धरायला शिकले.’ खाली समितीचा शेरा आहे. ‘कल्पित वाटत नाही. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.’”

“दोन कशाचे कापले?” टोच्याने विचारलं.

“अक्षराचे.”

टोच्याने पंज्याच्या नखांवर तीनपर्यंत मोजून पाहिलं. मग म्हणाला, “तीन वाटे करते आई. ते बरोबर आहे. आणि पाहुणे तसंच म्हणतात. सगळं तसंच आहे, भाऊसाहेब.”

“म्हणजे मजकूर खरा आहे?”

“अगदी खरा आहे.”

“मग तुम्ही मयत आहात.”

“पण मी तर इथे उभा आहे.”

“मग मजकूर खोटा आहे.” भाऊसाहेबांनी फाइल मिटली आणि तिच्यावर पोट टेकवलं. “हे बघा. निबंध खोटा ठरला तर सालीवरचं नाव तासून काढावं लागेल. सभेत कुणी घेणार नाही. प्रतीक्षा यादीत वाघाचे चिरंजीव पहिले आहेत, त्यांचं घेतील. निबंध खरा असेल तर नाव राहील. कोरलेलं नाव आम्ही खोटेपणाशिवाय काढत नाही. काय ते तुम्ही ठरवा. जेवणाच्या सुट्टीच्या आत.”

टोच्याने आयुष्यात कधीच काही ठरवलं नव्हतं. तो आधी करायचा आणि मग त्याला कळायचं. आताही तसंच झालं.

“मी मेलोय,” तो म्हणाला.

“तोंडी चालत नाही. लेखी द्या.”

टोच्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून भाऊसाहेबांनी स्वतः लिहून दिलं. ते मनाने वाईट नव्हते. ‘मी, टोच्या, सगुणाचा सख्खा भाऊ, गेल्या वर्षी नदीत बुडून मयत झालो आहे. हे निवेदन मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली न येता करत आहे.’ टोच्याने खाली डाव्या पंज्याचा ठसा उमटवला.

“आता साक्षीदार,” भाऊसाहेब म्हणाले. “मयत पाहिलेला हवा.”

साक्षीदार दारातच बसलेला असे. ते गिधाड होतं. जंगलातल्या कुठल्याही कागदावर त्याची साक्ष चालायची, कारण त्याने खरोखरच बहुतेकांना पाहिलेलं होतं.

“यांना मयत अवस्थेत पाहिलंय का?”

गिधाडाने मान वाकडी करून टोच्याला न्याहाळलं. “पाहिलंय. काटे बाजूला काढण्यात अख्खी सकाळ गेली होती.”

“चव कशी होती?” टोच्याने विचारलं.

“बेताची,” गिधाड म्हणालं आणि सही करून पुन्हा दारात जाऊन बसलं.

भाऊसाहेबांनी कागद फाइलीला लावला. “झालं. तुमच्या ताईंचं नाव पक्कं.”

“मग मी सभेत जाऊन हजर म्हणतो.”

“असं कसं? मयताला बोलता येत नाही.” भाऊसाहेबांनी थोडा विचार केला. “बसता येईल. पण मागे बसा.”

दुपारी सभा भरली. टोच्या सगळ्यांच्या मागे एका वारुळाला टेकून बसला. कुलगुरू हत्ती खालून वर नावं घेऊ लागले. पाचवं नाव घेतलं. सभा उभी राहिली, माकडाचा पोरगा “हजर” म्हणाला, सभा खाली बसली. चौथं, तिसरं, दुसरं झालं.

“सगुणा,” हत्ती म्हणाले.

सभा उभी राहिली. टोच्याच्या तोंडात ‘हजर’ येऊन थांबलं. त्याने दोन्ही पंजे तोंडावर दाबून धरले. सगळं जंगल इकडेतिकडे बघत होतं. सभा खाली बसली.

उत्तर आलं नाही तर तीनदा पुकारायचं, असा नियम होता.

“सगुणा,” हत्ती म्हणाले. सभा पुन्हा उठली. वाघालाही पुन्हा उठावं लागलं. तो नुकताच जेवून आला होता, त्याला ते जड गेलं. टोच्याच्या पंज्याला स्वतःचेच दात लागले. आजवर तो इतका वेळ गप्प कधी बसला नव्हता.

“सगुणा.”

सभा तिसऱ्यांदा उठली. हत्ती थांबले. पाखरंही थांबली. टोच्याने डोळे मिटून घेतले, कारण डोळे उघडे असते तर तोंडही उघडलं असतं.

मग सभा बसली. हत्तींनी भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि भाऊसाहेबांनी सालीवर सगुणाच्या नावापुढे ‘गैरहजर’ असं कोरलं. जागा वाघाच्या बछड्याला गेली. त्याचं नाव एकदा घेतलं, आणि तो लगेच “हजर” म्हणाला.

टोच्या नदी ओलांडून घरी आला. आई दारात बसली होती.

“घेतलं नाव?”

“घेतलं.”

“तू हजर म्हणालास ना?”

“नाही.”

आईने त्याच्याकडे पाहिलं. “का रे? पुन्हा कुणाला टोचलंस का?”

“नाही. हजर म्हणालो असतो तर एकदाच घेतलं असतं.”

“मग किती वेळा घेतलं?”

“तीनदा.”

आई बसल्या जागी त्याच्याकडे सरकली. मग तिने विचारलं, “आणि बाकीच्यांचं?”

“एकेकदा.”

“वाघ उठला?”

“तिन्ही वेळा.”

“कसं घेतलं ते सांग,” आई म्हणाली. “हत्तीसारखं सांग.”

टोच्याने छाती भरून घेतली आणि सांगितलं. साळिंदराचा आवाज तो केवढा, नदीपलीकडे काही गेला नाही.

तात्पर्य : मुलांनो, शिष्यवृत्तीच्या अर्जात खोटं लिहायला काहीच हरकत नाही. फक्त ज्याला मारायचं त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तो जिवंत निघून घोटाळा करणार नाही.