मास्तरांची तर्जनी

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांच्या उजव्या अंगाला पक्षाघात झाला आणि सरकारी मदत कार्यालयाने त्यांना रीतसर आजारी मानले. पक्षाघात म्हणजे 'अंगाची हालचाल संपूर्णपणे नाहीशी होणे', अशी व्याख्या अर्जाच्या मागेच छापलेली होती. मास्तर तिच्यात चपखल बसले, म्हणून व्यायाम करून घ्यायला एक बाई रोज घरी येऊ लागल्या, तेही फुकट. सात आठवड्यांनी मास्तरांची तर्जनी हलली. असेच चालू राहिले तर सहा महिन्यांत मास्तर पुन्हा मशीनवर बसतील, असे बाईंनी आनंदाने कार्यालयाला लेखी कळवले. तिथेच सगळे फिसकटले.

हालचाल आली म्हणजे पक्षाघात गेला, सबब व्यायामही बंद, असे पत्र आले. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तडक कारकुनाकडे गेल्या. बोट हलले तरी पक्षाघातच म्हणतात, असे त्यांनी डॉक्टरांकडून लिहून आणले होते.

"डॉक्टरांचा पक्षाघात वेगळा, आमचा वेगळा," कारकून समजुतीने म्हणाला. "त्यांना माणूस बरा करायचा असतो. आम्हाला फाइल बंद करायची असते."

तरी फेरतपासणी मंजूर झाली. बरे होण्यासाठी बरे न दिसणे आता आवश्यक होते. वहिनींनी नवऱ्याकडून न हलण्याचा सराव करून घेतला, आणि दोन दिवसांत मास्तर अगदी तयार झाले.

तपासनीस आले. आम्ही अकरा शेजारी साक्षीदार म्हणून दाटीवाटीने उभे होतो. तपासनिसांनी मास्तरांच्याच टाचण्या खोचायच्या गादीतली एक टाचणी काढून मास्तरांना टोचली. मास्तर ढिम्म. समाधानाने सही करायला ते वाकले, आणि त्यांच्या शर्टाचे दुसरे बटण एकाच दोऱ्यावर लोंबकळू लागले. चाळीस वर्षांची सवय. मास्तरांचे बोट त्या बटणाकडे सरकले.

"बोटाला नुसता झटका आला हो," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

"असेल," तपासनीस म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "एका जरी साक्षीदाराने हात वर करून तसं सांगितलं, तर मी तसं लिहितो."

वहिनींनी आम्हा प्रत्येकाकडे पाहिले. कुणाला आपली नोकरी आठवली, कुणाला मुलीचा दाखला. मला त्याच कार्यालयात पडलेला माझा अर्ज आठवला. अकरांतला एकही हात हलला नाही. तपासनिसांनी 'अपात्र' लिहिले, आणि ते निघण्याआधी वहिनींनी त्यांचे बटण शिवून दिले.

मला अजून लाज वाटते. बाकी आम्ही अकराही जण धडधाकट आहोत, तशी कार्यालयात नोंद आहे.

तुमचा हात वर झाला असता म्हणता? होईलही. गोष्ट वाचणाऱ्याचे काय जाते?