चाकणहून परत येण्याचा नियम

सन १९५७ च्या मार्गशीर्षात रहाटणीचे अर्जुनराव आपल्या लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला बैलगाडी घेऊन चाकणला गेले, आणि सर्व नियम काटेकोर पाळल्यामुळे सव्वा महिना तिथेच राहिले.

अंधार पडल्यावर रस्त्यावर असणाऱ्या बैलगाडीच्या मागे कंदील असावा असा कायदा फार जुना होता. तो कोणी पाळत नसल्यामुळे त्याविषयी कोणाची तक्रारही नव्हती. पण पिंपरीच्या बाजूला कारखाने उभे राहू लागले, मालट्रक वाढले आणि गाड्यांची काळजी वाटणारे लोकही वाढले. अशा लोकांपैकी एकाने परदेशातून एक हिरवट भुकटी आणली. ती रंगात कालवून पाटीला फासली की पाटी दिवसा ऊन पिते आणि अंधारात तेवढाच उजेड परत देते. रॉकेल नको, वात नको. लगेच प्रकाशसंचय कार्यालय स्थापन झाले, आणि मोशीच्या नाक्यावर त्याचा तंबू लागला.

पाटी फुकट होती. ती कार्यालयाचा माणूस गाडीच्या मागील बाजूस स्वतः ठोकून, शिशाचे सील लावून जाई. न उजळणाऱ्या पाटीची गाडी नाका ओलांडू शकत नव्हती. पाटीने रोज सहा तास ऊन घेणे बंधनकारक होते, आणि तेही गाडी रस्त्यावर चालू असताना. उभ्या गाडीला मिळालेले ऊन धरले जाणार नव्हते. उभी गाडी हे वाहन नसून लाकूडसामान आहे, आणि लाकूडसामानाने घेतलेला उजेड वाहनाकडे वर्ग करण्याची तरतूद नाही, असे परिपत्रकात स्पष्ट लिहिले होते.

तपासणीचे काम ज्योतीराम नावाच्या तपासनिसाकडे होते. तो परभणीकडचा, सरळ आणि कष्टाळू माणूस. पाटी उजेड देते की नाही हे अंधारातच कळते आणि कार्यालयाची वेळ अकरा ते पाच होती, म्हणून त्याला एक काळी घोंगडी देण्यात आली होती. ज्योतीराम पाटीवर घोंगडी टाकी, स्वतः आत डोके घाली आणि गाडीवानालाही साक्षीदार म्हणून आत घेई. भर दुपारी नाक्यावर घोंगडीखाली दोन माणसे ओणवी उभी असत आणि आतून त्यांचे गंभीर बोलणे ऐकू येई. एकदा घोंगडीला उंदराने भोक पाडले, तेव्हा कार्यालयात पाच दिवस अंधार उपलब्ध नव्हता.

जाताना अर्जुनरावांची पाटी पहिल्या प्रतीची ठरली. त्यात नवल नव्हते. चाकण उत्तरेला, थंडीतला सूर्य दक्षिणेला कललेला. गाडी उत्तरेकडे तोंड करून चालली की मागच्या पाटीवर दिवसभर ऊन. ज्योतीरामने घोंगडीतून डोके बाहेर काढून त्यांचे अभिनंदन केले.

दुसऱ्या दिवशी लेक शालन गाडीत बसली, खाली पेंढा, वर गोधडी, आणि गाडी दक्षिणेला निघाली. आता पाटीचे तोंड उत्तरेला. मोशीपर्यंत तिच्यावर उन्हाचा कवडसाही पडला नाही. घोंगडीखाली ठार अंधार होता. ज्योतीरामने तो अर्जुनरावांना दाखवला आणि त्यांनी तो मान्य केला.

मग काय करायचे, असे अर्जुनरावांनी विचारले. ज्योतीरामने नियमावली चाळली आणि सांगितले की गाडी चाकणच्या दिशेने चालवल्यास पाटी उत्तम भरेल. अर्जुनरावांनी गाडी वळवली. चाकणला पोचेपर्यंत पाटी खरोखर भरली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मोशीला आले, तोवर ती विझली. पुन्हा वळवली. तिसऱ्या दिवशी चाकणच्या वेशीवर शालन गाडीतून हळूच उतरली, कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मी यष्टीनं जाते, आबा. तुमी पाटी भरून या.”

ती सासूला, अंबुबाईला, सोबत घेऊन एसटीत बसली आणि दिवस मावळायच्या आत रहाटणीला पोचली. अशा रीतीने जिला आणायला अर्जुनराव चाकणला गेले होते ती त्यांच्या घरी होती, आणि ते तिच्या. गाडी आणि बैल टाकून त्यांनाही एसटीने जाता आले असते, पण बैल घरचे होते आणि बेवारस गाडीवर तर वेगळेच परिपत्रक होते.

खरी अडचण जेवणाची झाली. नातवंडाचे तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, ही अर्जुनरावांच्या घराण्याची रीत. ते दोन वेळच्या भाकरी बांधून आले होते, त्या कधीच संपल्या. व्याही सोनबा भला माणूस. तो रोज ताट वाढून शेजाऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवी, शेजारी ते आपले म्हणून अर्जुनरावांसमोर सरकवी, आणि तिघेही पावसापाण्याचे बोलत.

अडकलेले ते एकटेच नव्हते. पुण्याकडच्या ज्या ज्या गाड्या उत्तरेला गेल्या होत्या त्या सगळ्या नियमाप्रमाणे चाकणातच साठत होत्या. पंधरा दिवसांत बाजाराच्या मैदानात त्रेसष्ट गाड्या झाल्या. कार्यालयाच्या मासिक अहवालात चाकण हे उजेडाच्या बाबतीत तालुक्यात पहिले ठरले. भोसरीचा कोंडाजी कांदे भरायला आलेला. त्याने एके दिवशी सूर्याकडे पाठ करून गाडी नुसतीच उभी केली, पाटी भरून घेतली आणि बैलांना पळवत मोशी गाठली. पाटी बऱ्यापैकी उजळत होती. ज्योतीरामने हे ऊन कुठे घेतले विचारले, आणि कोंडाजीने खरे ते सांगितले.

“हा उजेड आहे,” ज्योतीराम घोंगडीतून म्हणाला, “पण तो ग्राह्य नाही.”

गाडीवानांनी मिळून अर्ज केला. उत्तर आठ दिवसांत आले आणि सहानुभूतीचे होते. वैशाख सरता सरता सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा दक्षिणेला जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्याही आपोआप भरतील, तोवर गाडीवानांनी धीर धरावा. त्या सुमारास ढग आल्यास वेगळा अर्ज करावा.

अर्जुनरावांनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. त्याच दुपारी एसटीच्या कंडक्टरने रहाटणीचा निरोप आणला. शालनला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि सोजराबाई, म्हणजे अर्जुनरावांची बायको, विचारत होती की तुम्ही तिकडे नक्की काय करताय. अर्जुनराव मैदानाच्या कडेला जाऊन बैलांच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांना शेजाऱ्याकडचीही भाकरी गेली नाही.

सुटका चिखलाने केली. बारवेच्या पाटाचे पाणी फुटून मैदानाच्या एका कोपऱ्यात चिखल झाला आणि कोंडाजीची कांद्याची गाडी त्यात रुतली. पुढून ओढायला जागा नव्हती, म्हणून कोंडाजीने गाडीच्या मागच्या बाजूला दोन बांबू बांधले, त्यांना जू लावले आणि बैलांकडून गाडी शेपटाकडून बाहेर काढली. बैल दक्षिणेला चालले होते, गाडी उलटी त्यांच्यामागे येत होती, आणि पाटी सूर्याकडे तोंड करून झगझगत होती. अर्जुनरावांनी ते पाहिले आणि कोंडाजीला हाक मारून तसेच पुढे चालत राहायला सांगितले.

चौथ्या दिवशी त्रेसष्ट गाड्या उलट्या निघाल्या. पुढच्या दांड्या आभाळाकडे बांधल्या होत्या. गाडीवान गाडीच्या शेपटाशी बसले होते. पाटी डोळ्यांसमोर आल्यामुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता, पण बैलांना दिसत होता. मोशीला ज्योतीरामने एकेक पाटी तपासली. पाटी मागील बाजूस आहे, सील शाबूत आहे, ऊन चालू गाडीने घेतलेले आहे. घोंगडीखाली हिरवागार उजेड होता. त्याने त्रेसष्ट दाखले लिहिले आणि शेवटच्या दाखल्यावर सही करताना त्याचे डोळे भरून आले. एवढा नियमाला धरून दिवस त्याच्या नोकरीत आला नव्हता.

उजेड आता गाडीच्या पुढे होता आणि पाठीमागे काळोख. दिवस मावळताना भोसरीच्या अलीकडे एक मालट्रक पाठीमागून आला आणि रांगेतल्या शेवटच्या गाडीला, म्हणजे कोंडाजीच्या, हलकेच धडकला. दांडी मोडली, कांदे रस्ताभर घरंगळले, माणसांना आणि बैलांना काही झाले नाही. ज्योतीराम दप्तर मिटून घरीच निघाला होता, तो सायकलवरून येऊन पंचनाम्याला बसला. ट्रकचा ड्रायव्हर मालोजी याने आपण मागून आल्याचे कबूल केले. ज्योतीरामने त्याला शांतपणे समजावले की जिथे पाटी ती मागील बाजू, हे व्याख्येतच आहे. ट्रक ज्या बाजूला धडकला त्या बाजूला दांडी होती, म्हणजे ती पुढची बाजू. तेव्हा ट्रक समोरून आला.

“अहो, आम्ही दोघं एकाच दिशेला चाललो होतो,” मालोजी म्हणाला.

“म्हणजे तुम्ही चुकीच्या बाजूनेही चालला होता,” ज्योतीरामने लिहून घेतले.

मालोजीने कांद्यांकडे पाहिले, आणि सही केली.

अर्जुनराव घरी पोचले तेव्हा नात बावीस दिवसांची झाली होती. त्यांनी हातपाय धुतले, तिला मांडीवर घेतले आणि तिचे तोंड नीट पाहून घेतले. जेवताना सोजराबाईला सगळी हकीगत सांगितली. ती हसली नाही. तिने ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि विचारले, “एवढी त्रेसष्ट माणसं व्हती. ह्यो नेम खुळा हाय असं कुणीच म्हनलं न्हाई?”

अर्जुनराव घास हातात धरून विचारात पडले. उलट जू कसे बांधायचे यावर मैदानात तीन दिवस वाद झाला होता, बांबू किती जाड हवा यावर दोन माणसे हातघाईवर आली होती. पण हे कोणी म्हटल्याचे त्यांना आठवेना.

“कुनाला म्हननार?” ते म्हणाले.

पुढच्या वर्षी भुकटी संपली आणि कार्यालय बंद झाले. गाड्या पुष्कळ दिवस उलट्याच चालत राहिल्या, कारण बैलांना तशी सवय झाली होती. आज हे वाचणाऱ्याला हसू येईल, येऊ द्या. फक्त एक आठवून पाहा. अर्जुनराव चाकणात अडकले होते तेव्हा तुम्हीही पाटी उन्हात कशी आणता येईल याचाच हिशेब मांडत होतात, आणि बांबूची युक्ती ऐकून तुम्हाला हायसे वाटले.